गोजराची चौथी पाटी

फार वर्षांपूर्वी, गावोगाव गाडीरस्ते नव्हते तेव्हा, पिंपळधोंडला गोजरा नावाची बेलदारीण राहायची. सहा गाढवांवरून ती मुरूम वाहायची. कुणाच्या अंगणात मुरूम टाकायचा असला की ती अनवाणी एक फेरी मारायची आणि सांगायची, इतक्या पाट्या लागतील. तेवढ्याच लागायच्या, असं म्हणतात.

नदीवरून गावात येणारा चढ तेव्हा काळ्या चिकट मातीचा होता. पाणी आणणाऱ्या बाया तिथं हमखास घसरायच्या. गोजराची लेक पारू तिथंच भरल्या घागरीसकट पडली आणि एका पायानं अधू झाली. तेव्हापासून गोजरानं गावाच्या मागं एकच धोशा लावला होता, या चढावर मुरूम टाका.

पण मुरूम होता देवीच्या टेकडीत. ती खाण वर्षातून एकच दिवस उघडायची, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मुरूम कमी पडला तर वर्षभर थांबा. आणि जास्त काढून पाटीभर जरी उरला, तर देवीचा कोप. म्हणून अंदाज चुकून चालायचं नाही.

हैबतराव पाटलांनी दोरी धरून चढ मोजला. लांबी, रुंदी, वर वीतभर जाडी. हिशेब अगदी चोख होता.

"तीनशे पाट्या," ते म्हणाले.

गोजरा चढावरून एकदा खाली गेली, एकदा वर आली. "चारशे."

सगळे हसले. पाटील म्हणाले, "अगं बये, दोरी खोटं बोलती व्हय?"

"दोरी खरंच बोलती, पाटील. मुरूम लबाड हाय. सुटा असला की फुगून बसतो."

तिनं शेजारणीचं उखळ मुरमानं काठोकाठ भरलं आणि मुसळानं चोपलं. मुरूम पाव उखळ खाली बसला. शेजारीण पुढं आठ दिवस तिच्याशी बोलली नाही, असंही म्हणतात.

"आन् एक पाटी जरी उरली तर?" पाटलांनी विचारलं.

"तर सहाबी गाढवं देवीला सोडते आन् गाव सोडते. माझ्या लेकीचा पाय गेला, दुसऱ्या कुणाच्या लेकीचा नगं जायला."

खाण उघडली. गाव कामाला लागलं. तीनशे पाट्या पडल्या तेव्हा चढ वरपासून खालपर्यंत भरलेला दिसत होता. पाटील म्हणाले, पुरे. मग बाप्यांनी जड लाकडी धुमस घेऊन चोपायला सुरुवात केली आणि वीतभर मुरूम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली खाली बसत गेला. पाटलांनी पागोटं काढून ठेवलं आणि स्वतः पाटी उचलली.

सूर्य टेकडीला टेकला आणि चारशेवी पाटी नदीकाठच्या शेवटच्या खळग्यात पडली. चोपल्यावर तिथं ना उंचवटा राहिला ना खळगा. त्याच क्षणी सहाही गाढवं खाणीकडं पाठ करून उभी राहिली आणि कुणी कितीही ओढलं तरी हलली नाहीत, असं म्हणतात.

गाढवांचं मला फारसं पटत नाही. मला नवल वाटतं ते तिच्या पायांचं. त्यांना कसं कळलं असेल? जुनी माणसं म्हणतात, देवी तिच्या तळव्यांशी बोलायची. मला वाटतं, पारू पडल्यापासून घरचं पाणी गोजराच भरत होती. रोज दहा खेपा. त्या चढाचा खड्डान् खड्डा तिला पाठ असणार. खरं काय ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारू काठी टेकत नदीवर गेली आणि अर्धी घागर कमरेवर घेऊन वर आली. एकदाही पाय सटकला नाही. गोजरा चढाच्या माथ्यावर उभी राहून सगळ्या गावासमोर ढसाढसा रडली.

आजही पिंपळधोंडला कुणी अंगण भरायला काढलं, की घरातली थोरली बाई आधी अनवाणी फेरी मारते. तीन पाट्या मोजून टाकतात, चौथी न मोजता. ती गोजराची. आता गाढवं गेली, ट्रॅक्टर आले. पण फोनवर तीन ब्रास मुरूम सांगा, तालुक्याचा कालचा पोरगेला ट्रॅक्टरवालासुद्धा आधी विचारतो, "गोजरा धरून, का सोडून?"