ढवळीचा घास

एका राज्यात गवत रुसले होते. तीन वर्षे त्याने जमिनीबाहेर डोके काढले नाही. गुरांसाठी उरली ती राजाच्या मळ्यातली रताळी. पण एका मांत्रिकाने मरताना त्या मळ्याला शाप दिला होता, "हे धन जो गिळेल, त्याचा गळा हे धन धरील. राजाच्या हातूनच ते सुटेल!"

तसेच घडे. राजधनाला पाते लावणे महापाप, म्हणून रताळी अखंडच गुरांपुढे ठेवीत. गुरे गिळीत, घुसमटत, पोट फुगून मरत. अखेर राज्यात एकच गाय उरली, ढवळी. तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

तिला सांभाळणाऱ्या सगुणा गवळणीला राहून राहून वाटे, शाप गळाच का धरतो? जीभ का नाही?

गोठ्याच्या आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "अगं शहाणे, 'गिळेल' त्याला शाप आहे. चावेल त्याला कुठे?"

"पण गाय आधी गिळते, मग चावते."

"मग तीन कामं कर. रताळी नदीवर धू. विळीवर बारीक चीर. छपराचा जुना कडबा उपसून त्यात मिसळ. आणि आज ओंजळभरच घाल."

धुताना रताळी हसली. चिरताना कण्हली. कडब्यात पडताच गप्प झाली.

तोच राजा दारात आला. त्याने तलवार उपसली. "राजधन चिरलंस? हात पुढे कर."

सगुणाने रताळ्याच्या चिकाने माखलेला हात पुढे केला. "घ्या, महाराज. पण आधी ढवळीचा घास उतरू द्या."

ढवळीने ओंजळभर खाल्ले. तिघेही तिच्या गळ्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने मानेतून एक गोळा सरसर वर आला.

"धरला गळा!" राजा ओरडला.

"नाही, महाराज. रवंथ करतेय ती."

"म्हणजे?"

आढ्यावरून साळुंकी फिसकन हसली. "तीन वर्षं गुरं मेली, आणि राजाला रवंथ ठाऊक नाही!"

ढवळी डोळे मिटून चघळत होती. राजाने तलवार म्यान केली, मुकुट खुंटीला अडकवला आणि विचारले, "सगुणाबाई, विळीवर बसतात कसं?"

त्याच्या हातून पहिली चकती पडली, तसा शाप सुटला आणि तिथेच रुसलेल्या गवताचे पाते उगवले.

त्या राज्यात अजूनही नवा राजा आधी विळीवर बसतो, मग सिंहासनावर.