बुरूड आळीची पारख

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. राजधानीच्या नगराला तेव्हा चारी बाजूंनी कोट होता आणि कोटाच्या आत जागा अपुरी पडू लागली होती. ज्यांच्यापाशी पैसा होता ते घरं विकत घेत आणि भाड्यानं देत. घर कुठं घ्यावं आणि कुठं घेऊ नये, हे सांगणारा एक माणूस त्या नगरात होता. त्याचं नाव भिवजी. लोक त्याला भिवजी पारखी म्हणत.

दुसरे पारखी भिंतीवर टिचकी मारत, दार ढकलून बघत आणि मत सांगून मोकळे होत. भिवजी त्या वस्तीत खोली घेऊन महिनाभर राही. विहिरीचं पाणी पिऊन बघे. उतार पाहून पावसाचं पाणी कुठं तुंबेल ते ताडे. कोणत्या घरात ऊन किती वेळ थांबतं, बाजार किती पावलांवर आहे, हे सगळं ध्यानात ठेवी. महिना संपला की गाठोडं उचलून चालू लागे. त्याचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता.

त्याला स्वतःला मात्र घर नव्हतं. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ झालं नाही. एका वस्तीतून दुसरीत जाताना मधले चार दिवस तो धर्मशाळेत काढी. नगरातल्या चाळीस वस्त्या त्याला पाठ होत्या, पण त्यातल्या एकाही वस्तीत त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी मोरशेट नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं त्याला बोलावून घेतलं. राजा पूर्वेच्या कोटाला नवा दरवाजा करणार, अशी बातमी शेटजींच्या कानावर आली होती. त्या कोटालगतच बुरूड आळी होती. आळीतली सगळी घरं एका सरदाराच्या मालकीची होती आणि तो ती विकायला निघाला होता. बुरूड मंडळी तिथं पिढ्यान्‌पिढ्या थोडक्या भाड्यात राहत होती, बांबू सोलून टोपल्या आणि सुपं विणत होती. आळी घेण्याजोगी आहे की नाही, एवढंच शेटजींना हवं होतं.

भिवजी आळीत राहायला गेला. कशासाठी आलो ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांचा पाहुणा आहे, एवढंच म्हणाला.

शेजारी चिमाई नावाची म्हातारी राहायची. तिनं तीन दिवस त्याला एकट्यानं जेवताना पाहिलं आणि चौथ्या दिवशी काही न विचारता भाकरी आणि कालवण आणून ठेवलं. पुढं तो दुपारी तिच्या ओट्यावर बसू लागला. ती त्याला कामट्या कशा काढायच्या ते शिकवी. त्याचं बोट कापलं की हसे आणि चिंधी बांधून देई.

मग भिवजीला ताप आला. आजवर आजारी पडला की तो दार आतून लावून घेई आणि बरं वाटेपर्यंत पडून राही. या वेळी त्यानं डोळे उघडले की कुणीतरी उशाशी बसलेलं असे, कधी चिमाई, कधी समोरचा म्हातारा बुरूड, कधी कुणाची सून. आळीनं पाळ्या लावल्या होत्या. बरा झाल्यावर तो भिंतीकडं तोंड करून बराच वेळ बसून राहिला. आपल्याला रडू का येतंय, ते त्याला कळेना.

त्याच सुमारास विहिरीचा गाळ काढायचा दिवस आला. घरटी एक माणूस विहिरीत उतरलं. भिवजीही गुडघाभर चिखलात उभा राहिला. आळीतलं पाणी गोड का आहे, गटार वाहतं का आहे, पावसाआधी सगळी छपरं शाकारलेली का असतात, हे त्याला त्या दिवशी उमगलं. हे सगळं माणसांच्या हातांनी राखलेलं होतं.

महिना संपला. तो गाठोडं बांधत असताना चिमाई दारात आली.

"माझ्या पलीकडची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "राहा की इथंच. जाणार तरी कुठं?"

भिवजीला पुष्कळ बोलायचं होतं. तो फक्त "बघतो" म्हणाला आणि निघाला.

शेटजींनी एकेक विचारलं. पाणी गोड आहे, भिंती पक्क्या आहेत, उतार चांगला आहे, दरवाजा झाला की रहदारी वाढेल, असं भिवजीनं सांगितलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"आणखी काही सांगायचंय?" शेटजींनी विचारलं.

भिवजीच्या ओठांवर शब्द आले होते. ती आळी तिथल्या माणसांमुळं उभी आहे, त्यांना हलवू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण मनात आलं, की पारखी वस्तीच्या मायेत अडकला असं शेटजी म्हणतील, बाजारात तसं सांगतील, आणि मग आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? त्या शब्दावाचून आपल्यापाशी दुसरं आहे काय?

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."

मोरशेटनं आख्खी आळी विकत घेतली आणि भाडं चौपट केलं. बुरूड मंडळी एकेक करून नदीपलीकडच्या माळावर गेली. त्यांच्या जागी दूरदूरचे लोक आले. कुणी कारकून होता, कुणी अडत्या, कुणी दरबारी नोकर. पावसाळ्यानंतर भिवजी स्वतः तिथं राहायला गेला. चिमाईनं सांगितली होती तीच खोली त्यानं चौपट भाड्यानं घेतली. समोर, शेजारी, पलीकडे सगळी दारं बंद असत. सहा महिन्यांत त्याला नावानं कुणी हाक मारली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर गाळानं भरली. गाळ काढणं मालकाचं काम, असं भाडेकरू म्हणाले. पाणी भाडेकरू पितात, असं मालक म्हणाला. भिवजी एकटा दोर बांधून उतरला, पण एका माणसाच्या हातानं विहीर उपसली जात नाही. पाणी नासलं, गटार तुंबलं, तापाची साथ आली आणि बिऱ्हाडं उठली. नवा दरवाजा झाला, त्यातून गाड्याही जाऊ लागल्या, पण त्या आळीत थांबायला कुणी तयार होईना. मोरशेटला घेतलेल्या किमतीच्या निम्म्यानंही गिऱ्हाईक मिळालं नाही.

"पाणी गोड आहे म्हणून तुम्हीच सांगितलं होतं," तो भिवजीला चारचौघांत म्हणाला.

त्यानंतर वस्ती पारखायला भिवजीला कुणी बोलावलं नाही. ज्या शब्दासाठी तो गप्प राहिला होता तो शब्दच राहिला नाही.

एका सकाळी तो नदी ओलांडून माळावर गेला. नव्या झोपड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. लोक मिळून विहीर खणत होते. चिमाईनं त्याला ओळखलं, बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. आपण शेटजींसाठी आळी पारखायला आलो होतो, आणि पुढं आळीचं काय झालं, ते भिवजीनं सांगितलं आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आम्हाला काढल्यावर असं होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक काय म्हणतील याची भीती वाटली," भिवजी म्हणाला.

चिमाई रागावली नाही. तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि तो जेवेस्तोवर जवळ बसून राहिली. मग ती उठली आणि खणणाऱ्यांत जाऊन मिसळली. राहा असं ती या वेळी म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं असं मागायचा हक्क आपण गमावला, हे भिवजीला कळलं. त्यानं ताट धुऊन ठेवलं आणि तो उताराच्या वाटेनं नदीकडं चालू लागला.

लहानांनो, थोरांनो, वस्तीचं मोल तिथल्या माणसांत असतं, आणि ते ठाऊक असून जो वेळेवर बोलत नाही, त्याला राहायला भिंती मिळतात, घर मिळत नाही.