वेणूताईंनी ऐकलेला अर्धा शब्द

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या आधी शहाणा झाला. तसे होऊ नये असा काही नियम नाही. मात्र झाले, की ती वार्ता गुरूला सर्वांत शेवटी कळते.

गुरू म्हणजे तालुक्याच्या गावातले एक वृद्ध कारागीर. उमेदीची चाळीस वर्षे त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. लोकांच्या घरांतून रेडिओ गेले आणि संगणक आले, तेव्हा साठी उलटल्यावर ते नव्याने शिकायला बसले आणि त्यातही तरबेज झाले. सारे गाव त्यांना वस्ताद म्हणे. शिष्याचे नाव प्रद्युम्न. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो वस्तादांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकायला आला होता. इतके भारदस्त नाव दिवसातून शंभरदा कोण उच्चारणार, म्हणून वस्ताद त्याला पद्या म्हणत. पदवीधर माणसाला ते लागे, तरी तो ओ देई.

त्याच गावात वेणूताई राहत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. लहानपणापासून त्यांना दिसत नसे. पण वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी एम.ए.ला नाव घातले होते, आणि प्रबंधाला विषय घेतला होता आठवडी बाजारातल्या विक्रेत्यांच्या आरोळ्यांचा. कांदेवाला कोणत्या पट्टीत ओरडतो, बोंबीलवाली शेवटचे अक्षर किती लांबवते आणि का लांबवते, याचा त्यांनी दोन वर्षे बाजारात उभे राहून अभ्यास केला होता. ताई गिऱ्हाईक नाहीत हे कळल्यावर काही विक्रेते त्यांच्यावर वैतागत. ताई त्या वैतागाचीही नोंद करत.

हे सारे लेखन त्यांनी ज्या संगणकावर केले, त्याला पडदा नव्हता. डबा, कळफलक आणि यूएसबीचे हेडफोन, एवढाच त्याचा संसार. वस्तादांनी त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून दिली होती. ती कोणालाही उघडून पाहता येते, आपल्या सोयीने बदलता येते, आणि तिच्यात अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारा एक कार्यक्रमही असतो. आपण जे डोळ्यांनी पडद्यावर पाहतो, ते वेणूताईंच्या कानात हा आवाज सांगे. तो इतका भरभर बोले, की दुसऱ्या कोणाला त्यातले चार शब्दही कळत नसत.

एका सोमवारी सकाळी हेडफोन खरखरले आणि गप्प झाले. बुधवारी दुपारी तीन वाजता ताईंची तोंडी परीक्षा होती, आणि ती याच संगणकावरून द्यायची होती. परीक्षक दूरच्या विद्यापीठात बसणार, प्रश्न हेडफोनमध्ये येणार. आवाज नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. ताई सहसा कशाला घाबरत नसत. त्या दिवशी घाबरल्या.

वस्ताद पुतणीच्या लग्नाला परगावी गेले होते. त्यांनी फोनवरून सांगितले, "पद्या, तू जा."

प्रद्युम्न गेला तो पूर्ण तयारीनिशी. जाताना त्याने दुकानातला एक मॉनिटर काखोटीला मारून नेला, कारण पडदा नसलेल्या संगणकाशी बोलायचे कसे, हे त्याला ठाऊक नव्हते. मग त्याने जे आरंभले ते बुधवार दुपारपर्यंत चालले. दुसरे हेडफोन लावून पाहिले, तेही मुके. ताईंचे हेडफोन स्वतःच्या लॅपटॉपला लावले. तिथे ते खणखणीत वाजले. म्हणजे दोष हेडफोनचा नाही. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी आपापल्या संगणकांबद्दल केलेल्या तक्रारी त्याने वाचल्या, आणि त्यांना कोणी कोणी सुचवलेल्या अकरा आज्ञा एकामागून एक पडद्यावरच्या काळ्या खिडकीत डकवल्या. प्रत्येक आज्ञेनंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर आवाजाची पट्टी इमानाने वरखाली हलत होती. कानात शुकशुकाट.

वेणूताई शेजारच्या खुर्चीत हेडफोन गळ्यात घालून बसलेल्या असत. एकदोनदा त्यांनी काही सांगायला तोंड उघडले. "ताई, एक मिनिट हं, मी वाचतोय," असे तो म्हणे. अत्यंत नम्रपणे म्हणे, हे नमूद केले पाहिजे.

बुधवारी बारा वाजता प्रद्युम्नने हात टेकले आणि निकाल दिला. "ताई, आता एकच उपाय. फॉरमॅट मारतो. सगळी प्रणाली नव्याने टाकायची. तुमच्या फाइली आधी काढून ठेवतो."

"तीनपर्यंत होईल?"

"होईल, बहुधा."

त्या 'बहुधा'ने ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी वस्तादांना फोन लावला. वस्ताद नुकतेच एसटीतून उतरले होते. घरी न जाता ते तसेच आले. अंगात लग्नाचा सदरा, हातात बुंदीच्या लाडवांचा डबा.

"वेणूताई, घ्या, लाडू खा आधी."

"वस्ताद, लाडू राहू द्या. आधी आवाज."

"आवाज कुठे जातोय? लाडू मात्र पद्या संपवील," असे म्हणून वस्तादांनी डबा उघडून टेबलावर ठेवला आणि संगणकाकडे चक्क पाठ करून ते ताईंसमोर बसले. प्रद्युम्न आपल्या अकरा आज्ञांचा कागद घेऊन उभा होता. वस्तादांनी तो घेतला, न वाचता घडी घालून खिशात ठेवला आणि ताईंना विचारले, "ताई, शेवटचं काय ऐकलंत तुम्ही?"

प्रद्युम्नला हसू आले. जिला तीन दिवस हेडफोनमध्ये काही ऐकूच येत नाही, तिला हा काय प्रश्न!

ताई मात्र जणू या प्रश्नाची वाटच पाहत होत्या. "सोमवारी सकाळी खरखर ऐकली. त्याच्या आधी आठवडाभर पिनला धक्का लागला की आवाज जायचा-यायचा. पुढची ती खाच सैल झालीय, बोटाला कळतं. मग हा आला. यानं पिन काढून डब्याच्या मागच्या बाजूला लावली. तेव्हा आवाज आला होता."

"आला होता?" प्रद्युम्न उडालाच.

"आला होता. 'डेस्क' एवढं म्हणाला. 'डेस्कटॉप' म्हणायचं होतं त्याला, पण अर्ध्यावरच गेला. मी तुला म्हटलं, अरे आला, अर्धा शब्द आला. तू म्हणालास, असं होतं ताई."

प्रद्युम्नने नुकताच उचललेला लाडू हातातच राहिला.

"बरं," वस्ताद त्याच्याकडे वळले. "पिन मागं लावलीस. पुढं काय केलंस?"

"काही नाही. म्हणजे... मॉनिटर जोडला. त्याशिवाय काम कसं सुरू करणार?"

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून उठले. डब्यामागे वाकले. प्रद्युम्नला वाटले, ते हेडफोनची पिन तपासणार. वस्तादांनी हेडफोनला हातही लावला नाही. त्यांनी मॉनिटरची वायर धरली आणि उपटून काढली. पडदा काळा झाला.

"वस्ताद! अहो, आता दिसणार कसं?"

"कुणाला?" वस्ताद म्हणाले.

दोन श्वास गेले असतील नसतील. वेणूताईंच्या भुवया वर चढल्या. गळ्यातले हेडफोन त्यांनी घाईघाईने कानाला लावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू पसरले, की प्रद्युम्नला वेगळे काही विचारावे लागले नाही.

"बोलतोय," ताई म्हणाल्या. "वस्ताद, बोलतोय हो! एक वाजून बारा मिनिटं झाली म्हणतोय." आणि मग त्यांनी लाडू मागितला.

प्रद्युम्न त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "वस्ताद, मला कळलं नाही. बिघाड काय होता?"

वस्ताद शांतपणे बोलू लागले. "बिघाड होता खाचेत. तो तू पाचव्या मिनिटाला काढलास, पिन मागं लावून. शाबास. सहाव्या मिनिटाला तू पडदा जोडलास. या वायरीतून चित्र जातं तसा आवाजही जातो. यंत्राला वाटलं, नवा पाहुणा आलाय, आता याच्याशी बोलायचं. पण तुझ्या या पडद्यात स्पीकरच नाही. तीन दिवस बिचारं त्याच्यापाशी बोलत बसलं, आणि तू पट्टी हलताना बघत बसलास. आवाज कधी बंद पडलाच नव्हता, पद्या. ज्याला तोंड नाही त्याच्याकडे जात होता. हे तुला दिसणार नव्हतं, ऐकूच यायला हवं होतं. आणि हेडफोन ताईंच्या गळ्यात होते. त्या सांगत होत्या. तू जगभर विचारत फिरलास, शेजारच्या खुर्चीला तेवढं विचारलं नाहीस."

हे शेवटचे वाक्य प्रद्युम्नला झोंबले. त्याचे डोळे भरून आले. शिकलेल्या माणसाला चूक दाखवली की राग येतो. त्याला राग आला नाही, लाज वाटली. ते पाहून वस्तादांनी आपला आवाज उतरवला.

"बस इथं. माझीही एक ऐक. तुझ्याएवढा असताना माझ्याकडे एक रेडिओ आला. त्याचं बटण तुटलं होतं, एवढंच. बटण बसवलं आणि लावून पाहिला, तर सारखी घूं घूं. सात वेळा उघडला मी तो. मालक गरीब माणूस, तो म्हणाला, साहेब, घरी असा आवाज येत नव्हता. मी म्हटलं, तुम्ही जरा शांत बसा, यातलं तुम्हाला काय कळतं. मी तर तुझ्याएवढं गोडही बोललो नव्हतो. नवव्या दिवशी वीज गेली. रेडिओ बॅटरीवर होता. माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट विझली आणि घूं घूं थांबली. दोष रेडिओत नव्हताच, माझ्याच ट्यूबलाइटमुळे तो घुमत होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? रेडिओ उचलला आणि त्याच्या घरी नेऊन दिला. पाया पडणार होतो, त्यानं पडू दिलं नाही. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. काम चालू करण्याआधी, जो ती वस्तू वापरतो त्याला विचारायचं. आणि अडलं, की पहिल्यांदा आपण आणून लावलेली वस्तू काढून बघायची."

हसत हसत वेणूताई म्हणाल्या, "वस्ताद, म्हणजे तुमची चूक नऊ दिवसांची, याची तीनच. शिष्य पुढं गेला की!"

वस्तादांनी मग प्रद्युम्नला मॉनिटर पुन्हा जोडायला लावला. आवाज गेला. "हं, आता यंत्रालाच विचार, कुणाशी बोलतोस म्हणून." प्रद्युम्नने आवाजाची मांडणी उघडली. तिथे दोन नावे स्पष्ट लिहिलेली होती, एक पडद्याचे आणि एक हेडफोनचे, आणि खूण पडद्यापुढे होती. काहीच लपवलेले नव्हते. त्याने खूण हेडफोनपुढे केली. ताईंनी मान डोलावली. पडदा जोडलेला असूनही आवाज परत आला होता.

"या अकरा आज्ञांचं काय?" खिशातला कागद काढून वस्तादांनी विचारले.

"लिहून ठेवल्यात म्हणून बरं," प्रद्युम्न ओशाळून म्हणाला. "परीक्षा होऊ द्या. उद्या येऊन एकेक उलटवतो."

"आणि तो पडदा घेऊन जा रे बाबा," ताई म्हणाल्या. "टेबलावर उगीच अडचण होते."

तीन वाजता परीक्षा सुरू झाली. वस्ताद घरी जाऊन आडवे झाले, पण प्रद्युम्नचा पाय निघेना. मॉनिटर मांडीवर घेऊन तो बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. प्रश्न ताईंच्या कानात येत होते, त्यामुळे त्याला केवळ उत्तरे ऐकू येत होती. कोणी तरी बोंबीलवालीबद्दल विचारले असावे. ताईंनी आधी सांगून पाहिले. बहुधा परीक्षकांचे समाधान झाले नाही. मग एकसष्ट वर्षांच्या त्या निवृत्त शिक्षिकेने श्वास भरून घेतला आणि अशी आरोळी ठोकली, की समोरच्या घराची खिडकी उघडली आणि एक बाई डोकावून म्हणाली, "सुके आहेत का ओले?"

प्रद्युम्न खळखळून हसला. मग त्याने डोळे मिटले आणि पुढची सगळी उत्तरे तशीच ऐकली. शेवटचे अक्षर लांबवताना ताई कुठे किंचित थांबतात, हेही त्याला कळले. परीक्षा कशी झाली हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नाही. ताईंचा आवाजच सांगत होता.

पुढच्या आठवड्यात वस्तादांना एका गिऱ्हाइकाचा फोन आला. स्वर तक्रारीचा होता. "वस्ताद, तुमचा तो इंजिनियर आलाय. दहा मिनिटं झाली, यंत्राला हात लावायला तयार नाही. माझ्या आईशीच बोलत बसलाय, तुम्ही शेवटचं काय ऐकलंत म्हणून!"

"बोलू द्या त्याला," वस्ताद म्हणाले. "पद्या आता दुरुस्ती करतोय." त्यांनी फोन ठेवला आणि टेबलावरची ट्यूबलाइट बंद करून दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या रेडिओच्या कामाला बसले.