पाठमोरा ओटा

करंजखोऱ्यात विधात्यांच्या मळ्यावर वाइन चाखायला आलेला पाहुणा पहिल्यांदा गोंधळतो तो बसायच्या जागेवरून. टेबल नाही, खुर्ची नाही. चिंचेखाली एक गोल दगडी ओटा आहे, त्याच्या कडेला बसायचे पाच दगड, आणि पाचांचीही तोंडं बाहेरच्या बाजूला. पाच जण बसले की पाचांच्या पाठी एकमेकांकडे. एकाला डोंगर दिसतो, एकाला विहीर, आणि एका बिचाऱ्याला नुसता शेणखताचा ढीग. ओट्याच्या मधोमध एक सपाट चिरा आहे. त्याच्यावर कोणी बसत नाही, तिथे मातीची एक वाटी ठेवलेली असते.

मळा चार एकरांचा. छाटणीपासून बाटलीला बूच लावेपर्यंत सगळं घरातलीच माणसं करतात. पाहुणा घुटका घेतो आणि लगेच शेजाऱ्याकडे मान वळवतो, की बाबा, हे चांगलं म्हणायचं की वाईट? तेवढ्यात मागून नाना विधात्यांचा आवाज येतो, "मान पुढं. तुमची चव शेजाऱ्याच्या तोंडात नाही." नाना ऐंशीच्या घरातले, घरात सगळ्यांत थोरले आणि सगळ्यांत खडूस. मग पाहुणे विचारतात, हा काय प्रकार आहे? नाना त्या प्रश्नाचीच वाट बघत असतात.

असं सांगतात की तेव्हा ह्या खोऱ्यात वाइन हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. विधाते द्राक्षांचं आसव करायचे. फाल्गुनात द्राक्षं तुडवायची, रस रांजणात भरायचा, तो फसफसावा म्हणून त्यात धायटीची फुलं टाकायची, तोंड मेणानं बंद करायचं आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे. दसऱ्याला तयार झालेला रांजण फोडायचा आणि पहिली वाटी खोऱ्याच्या देवीला, करंजाईला द्यायची. आता कोणता रांजण तयार झाला हे बाहेरून कसं कळणार? ते सांगायचं थोरल्या सुनेनं, ठकूबाईनं. मेणाला बारीक भोक पाडून ती बोरूच्या नळीनं थेंबभर रस काढायची, जिभेवर ठेवायची आणि सांगायची. कच्चा रांजण फोडला तर चार दिवसांत सगळं नासून जायचं, म्हणून तिचा शब्द शेवटचा. तिची जीभ म्हणे अशी होती की द्राक्षाचा नुसता मणी चाखून सांगायची, हा विहिरीकडचा, हा बांधावरचा. नवरा कोंडाजी कौतुकानं तिला रोज एखादा मणी आणून द्यायचा आणि ती एकदाही चुकायची नाही.

एका मार्गशीर्षात आभाळ भरून आलं ते आठवडाभर हललंच नाही. बागेवर भुरी पडली. घडांवर पीठ चाळावं तशी पांढरी भुकटी. त्याआधीची दोन सालं गारपिटीनं नेली होती. कोंडाजी बांधावर बसून राहिला, जेवायलाही उठेना. ठकूबाईला ते बघवेना. ती अनवाणी करंजाईच्या ठाण्यावर गेली. देवीला काय द्यायचं? अंगावर सोनं नव्हतं, दावणीला एकच म्हैस होती. मग ती म्हणाली, "आई, माझ्याजवळ एकच चीज आहे, माझ्या जिभेची चव. ती घे, पण बाग सोड."

बोलून गेली खरी, पण मनात तिला वाटलं, देवी नारळावर भागवेल. तिसऱ्या दिवशी उत्तरेचं कोरडं वारं सुटलं आणि भुरी झडून गेली. घरात आनंदीआनंद. ठकूबाईनं सकाळची भाकरी मोडून घास तोंडात घातला आणि ती तशीच थांबली. भाकरीला चव नव्हती. तिनं चटणी चाटली, गूळ चाटला, शेवटी चुलीतली राख बोटावर घेऊन बघितली. सगळं सारखंच.

कोणाला सांगायची सोय नव्हती. नवस बोलून दाखवला की देवीनं दिलेलं परत जातं, असं म्हणतात. म्हणजे तिनं तोंड उघडलं की बाग गेली. ती गप्प राहिली. कालवणात कधी मीठ नसायचं, कधी दुप्पट पडायचं. धाकटी जाऊ हौसा म्हणायची, "बाई, समुद्र आणून ओतला की काय आज?" सगळे हसायचे. कोंडाजी मात्र खाली मान घालून वाढलेलं सगळं संपवायचा.

त्या साली तीनच रांजण भरले. श्रावण गेला, भादवा गेला, आणि नवरात्रात कोंडाजी घरात सगळ्यांसमोर म्हणाला, "आता माझ्यात दम नाही राहिला. ह्या दसऱ्याला आसव फसलं तर छाटणीला कोयता घेणार नाही, कुदळ घेईन. वेली उपटू आणि ऊस लावू."

बागेसाठी जीभ दिली, आणि आता जीभ नाही म्हणून बाग जाणार. मग देवीनं दिलं की घेतलं? देवघरासमोर बसून ठकूबाई हेच विचारत राहिली. तिला कशाचाच मेळ लागेना.

खंडेनवमीला तिनं चिंचेखाली पाच माणसं बोलावली. कोंडाजी, हौसा, रांजण घडवणारा धोंडी कुंभार, करंजाईचा गुरव आणि गावची सुईण भागाई. म्हणाली, "यंदा तुम्ही सांगायचं. मी ऐकणार." पहिल्या रांजणाचा रस वाट्यांत दिला. पाचांनी चाखला आणि पाचांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, कारण चव तिथं कळते हे सगळ्यांना ठाऊक. आणि ती त्यांच्या तोंडांकडे बघतेय! शेवटी घरधनी म्हणून कोंडाजी म्हणाला, "चांगलं आहे." की बाकीचे चौघं, "हो हो, चांगलं आहे." दुसराही चांगला, तिसराही चांगला. तिला काय कळलं? कपाळ.

मग तिनं त्यांना उठवलं. पाच दगड गोलाकार मांडले, पाचांना बाहेर तोंड करून बसवलं आणि स्वतः मधल्या चिऱ्यावर उभी राहिली. "आता कोणी कोणाकडे बघायचं नाही. माझ्याकडेही नाही. मी खांद्याला हात लावीन त्यानं हळूच सांगायचं."

पहिला रांजण. पाचही जण म्हणाले, चिंचेचं पाणी. हा कच्चा, एवढं तिला समजलं. दुसरा रांजण. पाचही जण म्हणाले, गुळाचं पाणी, गोड आहे. तिला हायसं वाटलं. पाचांचं एक मत, शिवाय गोड, आणखी काय हवं? तरी तिसरा द्यायचा म्हणून दिला. कोंडाजी म्हणाला, जांभूळ. हौसा म्हणाली, भाजलेली खसखस. गुरवाला लवंग लागली. धोंडी कुंभार म्हणाला, नवा माठ, पहिल्या दिवशीचा. भागाई म्हणाली, "करवंदं गं. पण पोरीच्या जातीला सासरी आठवावीत तशी." ते एकमेकांना ऐकू गेलं आणि पाठीला पाठ लावूनच पाचांचं भांडण जुंपलं. लवंग कुठली? खसखस कोणी टाकली? तुझ्या नाकात माती गेलीय.

ठकूबाई मधे उभी, डोकं भणभणलेलं. एक रस आणि पाच चवी, म्हणजे हा नासला असणार. फोडायचा तर दुसराच. असं म्हणून ती वळली, तेवढ्यात तिला दिसलं. भांडता भांडताच पाचांनी रिकामी वाटी खांद्यावरून मागे धरली होती. आणखी हवं होतं. दुसऱ्या रांजणाच्या वेळी एकही हात मागे आला नव्हता. तेव्हा तिला आठवलं, जीभ होती त्या दिवसांत चांगला रांजण तिलाही सकाळी एक सांगायचा आणि दुपारी दुसरंच.

"तिसरा फोडा," ती म्हणाली.

दसऱ्याला तिसरा रांजण फोडला. देवीची वाटी झाली आणि मग कोंडाजीनं घोट घेतला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मग त्यानं भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली, माळ्यावर फेकली आणि वाटी ठकूबाईपुढं धरली. "तुला काय लागलं?"

ती घोट घेऊन उभी राहिली. देवीसमोर खोटं बोलवेना आणि खरं बोलता येईना. म्हणाली, "तुम्ही पाचांनी सांगितलं ते सगळं."

कोंडाजीला काय समजलं ते देवीला ठाऊक. त्यानं तिला कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो जेवायला बसला की मोठ्यानं बोलायचा. आज मेथी जराशी कडू आहे बरं का. लसूण खमंग लागतोय. ताक आंबट झालंय, पण वास चांगला आहे. लोक हसायचे, हा म्हातारा कोणाला सांगतो? ठकूबाई चुलीपाशी बसून हळूहळू भाकरी खायची. दोघं असेपर्यंत हे चाललं म्हणतात.

आजही ह्या मळ्यात पिंप उघडलं की पाच जणांना पाठमोरं बसवून चाखायला देतात. पाचांना एकच चव लागली तर पिंप पुन्हा बंद. भांडण झालं तर बाटल्या धुवायला काढायच्या. आणि पाहुणा असो की घरचा, पहिला घुटका घेतल्यावर जे लागलं ते मोठ्यानं, मधल्या, ठकूबाईच्या वाटीला ऐकू जाईल असं सांगायचं.

पाहुणे सांगतात. कोणी जांभूळ म्हणतं, कोणी पेरूची साल, कोणी नुसतं हसतं. एखादी बाई मात्र पेला हातात धरून गोंधळून बसून राहते. मग ओशाळून म्हणते, "नाना, खरं सांगू? मला काहीच कळत नाही."

त्या वेळी खडूस नानांचा आवाज एकदम खाली येतो.

"तेही सांगा बाई, मोठ्यानं सांगा," ते म्हणतात. "ती चव तिच्या ओळखीची आहे."