हळदीची शाळा

भरवसा कुणावर ठेवावा, मंडळी? ओरडणाऱ्यावर, की गप्प बसणाऱ्यावर? ठरवायच्या आधी एवढं ऐका.

एका मुलखात सगळे पक्षी पांढरेशुभ्र जन्मत, आणि लाल काही दिसलं की त्यांची चोच आपसूक तिकडे वळे. पिल्लांसाठी तिथे कुडाची शाळा होती. मास्तर होते एक तुरेबाज कोंबडा.

चिवी नावाचं पिल्लू नवं आलं. पंख जरा वाकडा. टोक्या नावाच्या दांडग्या पिल्लाने त्यावर चोच मारली, सहज, गंमत म्हणून. लाल ठिपका उमटला, तशी बाकीची धावली. "वाकडे, उडून दाखव की," टोक्या म्हणे, आणि सगळी खिदळत.

चिवी मास्तरांकडे गेली. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "टोचल्याशिवाय तुरा येतो का बाळ? आम्हीही टोचे खाल्लेत." पण मनाने मायाळू, जखमेवर चिमूटभर हळद दाबली. लाल दिसेनासं झालं. त्या दिवशी कुणी टोचलं नाही. मास्तरांना वाटलं, उपाय सापडला.

टोक्याला टोचायची जागा बदलायला कितीसा वेळ? हळद पाठीवर गेली, मग मानेवर. "मास्तर फार जीव लावतात हो," चिवीची आई शेजारणीला सांगे. चिवी मात्र कुडाला पाठ लावून दाणे टिपू लागली, तेही अर्धेच.

मग घाऱ्या आला, बुटका, घाबरट. टोक्या चिवीच्या कानाशी आला. "आधी तू मार. नाहीतर तू आहेसच."

चिवीने डोळे मिटून चोच मारली. उघडले तेव्हा सगळी घाऱ्यावर तुटून पडली होती. त्या दुपारी ती पोटभर जेवली.

मास्तरांनी हळदीचं पोतं मागवलं.

पुढे राजहंस शाळा तपासायला आले. उन्हात पिल्लांची रांग पिवळीधमक. "वा मास्तर, सोन्याची शाळा केलीत." मग वाकून विचारलं, "काही तक्रार, बाळांनो?"

घाऱ्याने चिवीकडे पाहिलं. चिवीने टोक्याकडे. तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या. टोक्याने जरा जोरातच हलवली, तशी त्याच्या गळ्याखालून एक खपली सुटून पडली. जुनी, वाळलेली हळद. शाळेत नाव घालण्याआधीची, घरची.

राजहंसांनी मोजलं: सगळी सोनेरी.

तुम्ही मोजाल तेव्हा, मंडळी, तेवढा हिशेब चोख ठेवा. पिवळं असेल तर पिवळंच लिहा.