आवरणारं प्रथिन

“म्हणजे तुझं प्रथिन वाईट आहे, असं म्हणायचंय का तुला?” मुजावर सरांनी विचारलं.

“वाईट नाही, सर. अडेलतट्टू.”

केतकी ही सरांची निवृत्तीआधीची शेवटची विद्यार्थिनी. त्या सकाळी ती प्रयोगशाळेत मान ताठ करूनच आली होती.

एका जिवाणूचे दोन व्हायचे, तर आधी डीएनएची नक्कल व्हावी लागते. एक प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसतं, धागे सुटे करतं, आणि नक्कल सुरू होते. केतकीने दुसरंच एक प्रथिन शोधलं होतं. नक्कल सुरू झाली रे झाली, की ते पहिल्याला जाऊन बिलगायचं आणि आवरून धरायचं.

“आजवर कुणालाच माहीत नव्हतं ते,” केतकी म्हणाली. “ते काढून टाकलं की जिवाणू भराभर वाढतील. विज्ञान परिषदेत मी हेच सांगणार.”

“काढून पाहिलंस?”

“त्यात पाहायचं काय?”

सरांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

ते तिला झोंबलं. तिने हट्टाने जिवाणूंतून ते प्रथिन काढलं आणि जिवाणू वाढीसाठी खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरले.

प्लेट कोरीच राहिली. पुन्हा केलं. पुन्हा कोरी.

“माझा हात चुकत नाही, सर,” प्लेट त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली. “मग हे मेले का?”

“तुझं प्रथिन करतं काय, सांग बघू.”

“ते आधी जाऊन...”

“सापडलं कुठे?”

“तळ्याच्या गाळात, म्हणजे...”

“बिलगतं कसं?”

“त्याचं असं आहे, सर...”

“सुटतं कधी?”

केतकीचा चेहरा लाल झाला. “अहो सर, एक तरी उत्तर पुरं करू द्या ना मला!”

सरांनी प्लेटकडे बोट दाखवलं.

केतकी कोऱ्या प्लेटकडे बघत राहिली. मग उठली. प्रथिन काढलेले जिवाणू तिने रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. प्रत्येकात डीएनएचा नुसता गुंता. एक नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी, तिच्यावर तिसरी. पुरी एकही नाही; आवरणारंच कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती सरांसमोर येऊन उभी राहिली. मान अजून ताठच होती.

“परिषदेत आधी माझी चूक सांगेन. मग माझं प्रथिन. दोन्ही माझीच आहेत, सर.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

“मी पहिल्या रांगेत बसेन,” ते म्हणाले. “गप्प.”