पांगाऱ्याचं पाखरू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खोल दरीच्या काठी एक गाव होतं आणि दरीपलीकडे गावाचं चराऊ रान. ये-जा करायला दोरांचा झुलता पूल. तो कधी तुटलाच तर काय, म्हणून गावच्या सुताराने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं एक पाखरू केलं. पोटाखाली रबराची दोरी, नाकाशी भिरभिरं. दोरीला पीळ भरून सोडलं की पाखरू शेपटीचा रेशमी धागा घेऊन दरी ओलांडायचं. धाग्यामागून सुतळी जायची, सुतळीमागून दोर.

सुतार वारला आणि पाखरू त्याच्या मुलीकडे आलं. ती मोठी निगुतीची. रबराला एरंडेल चोळायची, पीळ भरून कधी ठेवायची नाही. पण पूल काही तुटेना. मग गाव दर सणाला पाखराची पूजा करू लागलं, आणि तीही हौसेने दर सणाला त्यावर रंगाचा नवा हात देऊ लागली. उडवून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला कुणी पळायला लावतं का?

एका उन्हाळ्यात पलीकडे वणवा पेटला. पूल जळून दरीत कोसळला. गुरं चारायला गेलेली माणसं तिकडेच अडकली. त्यांत तिचा धाकटा भाऊ होता.

तिने घाईने पीळ भरून पाखरू सोडलं. ते काठावरून निघालं आणि नाक खाली घालून दरीत पडलं. धाग्याने ओढून वर घेतलं.

"पीळ कमी पडला," पाटील म्हणाले. "अजून भर."

तिने पाखरू तळहातावर तोललं. "पीळ पुरेसा आहे, पाटील. पाखरू जड झालंय. मीच केलंय." तिने पटाशी उचलली.

"पूजेच्या पाखराला पातं लावतेस?" एक म्हातारी म्हणाली.

"तुमचा नातूही तिकडेच आहे, आजी."

म्हातारी मग स्वतःच खाली बसून नखांनी रंग खरवडू लागली.

थरामागून थर निघाले. सगळ्यांत खालचा पिवळा थर बाप गेला त्या वर्षीचा होता. तिथे तिचा हात थांबला. धुरातून भावाची हाक आली, "ताई!" तिने तोही खरवडून काढला.

पाखरू सुटलं. थोडं खचलं, सावरलं, धुरात दिसेनासं झालं. तिच्या बोटांतून धागा सरसर सरकत राहिला आणि एकाएकी थांबला.

मग पलीकडून धाग्याला हिसका बसला.

सुतळी गेली, दोर गेला, आणि दोराला लोंबकळत एकेक माणूस अलीकडे आलं. भाऊ शेवटी आला. पाखरू मात्र तिकडे आगीत गेलं. भावाला मिठी मारून ती खूप रडली.

पुढच्या सणापर्यंत तिने नवं पाखरू केलं. लोक सवयीने रंगाच्या वाट्या घेऊन आले.

"रंग दारातल्या रांगोळीत भरा," ती म्हणाली, "आणि याला उडवून बघा."

तेव्हापासून त्या गावात सणाला पाखरू पाटावर बसत नाही, दरीपार जाऊन येतं.

म्हणून सांगतो, ज्या वस्तूवर जीव आहे तिचं काम चालू ठेवावं. नुसत्या कौतुकाचंही ओझं होतं.